गाडीची रेस वाढवितांना होणारा आवाज : त्याची परीक्षा व उपाय

आपल्या भागांतील बागाईतदाराच्या दारीं पूर्वीं बैलगाडी उभी असे, तेथें आतां पिकअप किंवा जीप उभी असते. बैलाचें पाऊल जरा अडखळलें तरी तें धन्याच्या ध्यानांत येई. खूर घासला आहे, सांधा सुजला आहे, कीं जूं मानेला लागत आहे, हें तो बैल चालवून, थांबवून व पुन्हा चालवून पाही आणि मगच उपाय करी. गाडीचा आंस करकरूं लागला म्हणजे वंगण संपलें, हें घरांतल्या लहान पोरालाही कळत असे. मोटारगाडीच्या बाबतींत मात्र हा पिढीजात शहाणपणा आपण सोडून दिला आहे. रेस देतांच गाडी मोठ्यानें ओरडूं लागली, म्हणजे आपण कांहीं दिवस कानाआड करितों, आणि पुढें गाडी गॅरेजांत सोडून मिस्त्री सांगेल तो भाग बदलून घेतों. यांत पैसा जातो व कित्येकदां मूळ दोष तसाच राहतो.

आम्ही जन्मभर महसूल खात्यांत कारकुनी केली. यंत्रविद्येचें शिक्षण आम्हांस नाहीं. पुढें जें लिहीत आहों तें घरच्या गाडीवर, पदरचे पैसे घालवून व एका मोठ्या अपघातांतून थोडक्यांत वांचून शिकलेलें आहे. तें आपल्या बंधूंस फुकट मिळावें एवढाच या लेखाचा हेतु.

आमची शेती संगमनेर तालुक्यांत आहे व ती आमचा पुतण्या पाहतो. टोमॅटोचा माल नारायणगांवच्या बाजारांत न्यावा लागतो, आणि त्यासाठीं चंदनापुरीचा घाट चढावा लागतो. एका हंगामांत असें झालें कीं, चढावर रेस दिली म्हणजे गाडीच्या पोटाखालून घुमल्यासारखा मोठा आवाज येऊं लागला. शिवाय निघतांना क्लच सोडतांच ‘खट्’ असा एक ठोका बसे. पहिल्या मिस्त्र्यानें गाडी उभीच ठेवून रेस दिली, कान लावला आणि सायलेन्सर सडला असें सांगितलें. सायलेन्सर जुना होता हें खरें, तो बदलला. आवाज राहिलाच. दुसऱ्यानें क्लचप्लेट बदलली. तरीही आवाज राहिला. दोन्ही मिळून पंधरा हजारांवर रुपये गेले, आणि ‘गाडी जुनी झाली, आवाज करणारच’ असें म्हणून आम्ही स्वस्थ बसलों.

सहाव्या आठवड्यांत, पहाटेच्या वेळीं, सत्तर क्रेट माल भरून गाडी घाट चढत असतां खालीं एकदम मोठा धडाका झाला. इंजिन मोकळें सुटल्यासारखें ओरडूं लागलें आणि गाडी मागें सरकूं लागली. पुतण्यानें पहिला गिअर टाकला, पण गाडी थांबेना. मागून प्रवाशांनीं भरलेली बस येत होती. त्यानें सर्व बळ लावून पायाचा ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला, आणि शेजारीं बसलेल्या गड्यानें उडी टाकून चाकामागें दगड लावला. गाडी थांबली तेव्हां बसमध्यें व तिच्यांत चार हातांचें अंतर राहिलें होतें. इंजिनाकडून मागील चाकांकडे जोर नेणारा लांब शाफ्ट पुढच्या टोंकाशीं तुटून रस्त्यावर पडला होता. शाफ्ट तुटला म्हणजे गिअर गाडीस धरूं शकत नाहीं, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

गाडी दुरुस्त करावयास आलेल्या एका वयोवृद्ध मिस्त्र्यानें शाफ्टच्या सांध्यांतील क्रॉस काढून आमच्या हातावर ठेवला. त्याच्या वाटींत ज्या बारीक सुया असतात त्यांची तांबडी भुकटी झाली होती. तो म्हणाला, “भाऊसाहेब, आवाज कुठनं येतो हें मागनं बघायचं. आधीं तो कशासंगं वाढतो तें बघायचं. इंजनासंगं, चाकासंगं, का वझ्यासंगं ?” हें एकच वाक्य आम्हीं सहा आठवडे आधीं ऐकलें असतें, तर पुढचा प्रसंग टळला असता. या लेखांतील सारा उपदेश त्या वाक्याचाच विस्तार आहे.

आवाजाच्या तीन परीक्षा

रेस देणें म्हणजे इंजिनाकडून अधिक काम मागणें. त्यासरशीं तीन गोष्टी वाढतात : इंजिनाचे फेरे वाढतात, चाकांचे फेरे वाढतात, आणि इंजिनापासून चाकापर्यंत यंत्रांची जी सांखळी आहे तिच्यावरील ताण वाढतो. तिन्ही एकदम वाढतात म्हणूनच घोटाळा होतो. फेरफाराच्या तक्रारींत तीन हिस्सेदार एकाच वेळीं बोलूं लागले म्हणजे खरा मुद्दा कळत नाहीं. त्यांस वेगवेगळें बोलावून जबाब घ्यावा लागतो. तसेंच येथें करावयाचें.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. गाडी मोकळ्या जागीं सपाटीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा आणि सावकाश रेस द्यावी. तोच आवाज जसाच्या तसा आला, तर दोष इंजिनांत, धुराच्या नळांत किंवा इंजिनावर चालणाऱ्या पट्ट्यांत आहे असें समजावें. चाकें व शाफ्ट निर्दोष ठरतात, कारण तीं फिरतच नाहींत. याच वेळीं क्लच दाबून व सोडून पाहावा. क्लच दाबतांच आवाज बंद झाला तर गिअरबॉक्सच्या तोंडचें बेअरिंग पाहावें. क्लच दाबला असतांनाच आवाज येत असेल तर क्लचचें रिलीज बेअरिंग झिजलेलें असतें.

दुसरी परीक्षा मोकळ्या चालीची. सरळ, सपाट व निर्मनुष्य रस्त्यावर ताशीं चाळीस किलोमीटरच्या सुमारास वेग आणून गिअर न्यूट्रलमध्यें घ्यावा. इंजिन मंद होईल, गाडी मात्र चालत राहील. आवाज तसाच चालू राहिला व वेग उतरेल तसा उतरला, तर दोष चाकांच्या बेअरिंगांत, टायरांत किंवा शाफ्टमध्यें आहे. ही परीक्षा उतारावर किंवा घाटांत कधींही करूं नये, आणि या वेळीं इंजिन बंद करूं नये. इंजिन बंद झालें म्हणजे ब्रेकची व स्टिअरिंगची मदत जाते आणि किल्ली पूर्ण फिरविल्यास स्टिअरिंग अडकूं शकतें.

तिसरी परीक्षा ताणाची. वरच्याच रस्त्यावर एकाच गिअरमध्यें व जवळजवळ एकाच वेगानें गाडी चालवीत असतां पाय दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. इंजिनाचे व चाकांचे फेरे फारसे बदलत नाहींत. बदलतो तो फक्त ताण. पाय दाबतांच आवाज उठला व सोडतांच बसला, तर जो भाग जोर वाहून नेतो किंवा जोर सोसतो त्यांत दोष आहे. याच्या जोडीला आणखी एक सोपी खूण : एकच वेग ठेवून एकदां तिसऱ्या व एकदां चौथ्या गिअरमध्यें गाडी चालवावी. गिअर बदलतांच आवाजाची पट्टी बदलली तर तो इंजिनाचा. न बदलली तर तो शाफ्ट, कुंड किंवा चाकांचा.

आमच्या गाडीची परीक्षा पहिल्या मिस्त्र्यानें उभी असतांना घेतली. उभ्या गाडीच्या शाफ्टवर ताण येत नाहीं. मग क्रॉस बोलणार कसा? ऐकूं आला तो जुन्या सायलेन्सरचा आवाज, आणि दोष त्याच्या माथीं बसला. ज्या स्थितींत आवाज होतो त्याच स्थितींत तो ऐकला पाहिजे, हें तात्पर्य.

धुराच्या नळाचे आवाज

पहिल्या परीक्षेंत सांपडणाऱ्या मोठ्या आवाजाचें नेहमींचें कारण म्हणजे धुराच्या नळाची गळती. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असतां मिनिटास ४००० वेळां, म्हणजे सेकंदास सुमारें ६७ वेळां, धूर दाबानें बाहेर फेंकला जातो. हे धक्के सायलेन्सर पोटांत जिरवितो. वाटेंत कोठें भोंक असेल तर ते तेथूनच बाहेर पडतात, आणि रेस दिली कीं दाब वाढून आवाज चढतो.

इंजिनाजवळ मॅनिफोल्डचें पॅकिंग फुटलें असेल तर थंड इंजिनावर ‘टिक् टिक्’ किंवा ‘फट् फट्’ असा आवाज येतो. इंजिन तापल्यावर लोखंड फुगून फट मिटते व आवाज कमी होतो. गळतीच्या जागीं काजळीचा काळा डाग दिसतो. सकाळीं थंड गाडी चालू करून कोणीं जाड ओलें फडकें नळाच्या शेवटच्या तोंडाशीं क्षणभर धरावें, व दुसऱ्यानें बाजूनें कान द्यावा. भोंकाच्या जागीं ‘फुस्स’ असा आवाज वाढतो. नळ तापल्यावर हा प्रयोग करूं नये.

सायलेन्सर बाहेरून चिखलानें सडतो तसाच आंतूनही सडतो. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें धुराबरोबर बाहेर पडतें. गाडी घरापासून मळ्यापर्यंतच वारंवार नेली तर नळ पुरता तापत नाहीं, तें पाणी आंत सांचतें व पत्रा खातें. म्हणून आंखूड फेऱ्यांच्या गाडीचा सायलेन्सर लवकर जातो. नळावरील उष्णता अडविणारा पत्रा सुटला असेल तर ठराविक रेसवर तो झणझणतो. थंड गाडींत तो हातानें हालवून पाहावा व पट्टीनें आंवळावा. हें दहा मिनिटांचें काम आहे; त्यासाठीं सायलेन्सर बदलूं नये.

गळती ही केवळ कानाची पीडा नाहीं. धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं व वास नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांतून तो अधिक निघतो, डिझेलच्या इंजिनांतून कमी. डोकें जड होणें, चक्कर, मळमळ व गुंगी हीं त्याचीं लक्षणें. गळक्या नळाच्या गाडींत कांचा लावून मुलेंबाळें निजवून प्रवास करूं नये, आणि बंद शेडमध्यें इंजिन चालू ठेवून काम करूं नये.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस भारत स्टेज सहाचा नियम लागू झाला. तेव्हांपासूनच्या डिझेल गाड्यांच्या नळांत सामान्यतः काजळी पकडणारी गाळणी असते. सांचलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. त्या वेळीं कांहीं मिनिटें इंजिनाचा आवाज बदलतो व मंद रेसही थोडी चढते. तो दोष नव्हे. पण नळ तेव्हां अतिशय तापलेला असतो. म्हणून गाडी वाळल्या कडब्यावर, पाचटावर किंवा गवतावर उभी करूं नये. नळास वीजेच्या साहाय्यानें वेल्डिंग करावयाचें असल्यास आधीं बॅटरीची तार सोडावी, नाहींतर गाडीचा संगणक जळण्याची भीति असते. सायलेन्सर कापून टाकणें तर सर्वथा वर्ज्य समजावें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणें शेतीच्या ट्रॅक्टरासह प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर असलाच पाहिजे.

इंजिनावरील व इंजिनांतील आवाज

एकदम रेस देतांच ‘चीं’ असा तीक्ष्ण आवाज आला, आणि तोही विशेषतः थंडीच्या किंवा पावसाच्या सकाळीं, तर पट्टा घसरत आहे. इंजिन बंद करून पट्टा तपासावा. तो ढिला, चकाकलेला किंवा चिरलेला असेल तर ताणावा अथवा बदलावा. पट्ट्यास तेल किंवा ग्रीस लावूं नये. चालू इंजिनाजवळ उपरणें, पदर किंवा सैल बाही नेऊं नये.

रेसबरोबर ‘भों’ असा ओढून घेतल्यासारखा आवाज येत असेल, तर हवेच्या गाळणीपासून इंजिनापर्यंतची नळी पाहावी. ती निसटली असेल तर आवाजापेक्षांही मोठें नुकसान होतें : शेताची धूळ न गाळतां आंत जाते व सिलिंडर घासते. टर्बो असलेल्या गाडींत शीळ वाढली, जोर कमी झाला आणि काळा धूर येऊं लागला, तर टर्बोपुढील नळी फाटली असावी असा बहुधा निष्कर्ष निघतो.

क्लच सोडतांच किंवा रेस दाबतांच ‘धप्’ असा धक्का बसून गिअरची दांडी हलत असेल, तर इंजिन ज्या रबरांवर बसविलेलें असतें तीं फाटलेलीं असतात. मिस्त्री लोक त्यांस फाउंडेशन म्हणतात. रबर फाटल्यावर इंजिनाची थरथर सरळ सांगाड्यास पोहोंचते व सगळी गाडी ओरडते आहे असें वाटतें. हीं रबरें तुलनेनें स्वस्त असतात. मोठा खर्च करण्यापूर्वीं तीं अवश्य पाहावीं.

आतां आंतील ठोके. पेट्रोलच्या गाडींत चढावर रेस देतांच डब्यांत खडे हालविल्यासारखा आवाज आला, तर आंतील वायु वेळेपूर्वीं किंवा भलत्या रीतीनें पेट घेत आहे. इंजिन फार तापणें, आंत कार्बन सांचणें, स्पार्कचा टायमिंग पुढें सरकणें, किंवा इंजिनास हवें त्यापेक्षां हलकें पेट्रोल मिळणें, हीं त्याचीं कारणें. तात्पुरता उपाय म्हणजे रेस कमी करून खालचा गिअर टाकणें. डिझेलच्या इंजिनांत इंधन स्पार्कनें नव्हे, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें पेटतें. म्हणून थोडी खडखड ही त्याची प्रकृतीच आहे, आणि थंडींत ती अधिक असते. पण तापल्यावरही एकाच ठराविक तालावर कठीण ठोका राहिला, तर इंजेक्टर तपासून घ्यावा. जुन्या इंजिनांत मिस्त्री एकेका इंजेक्टरची नळी ढिली करून दोषी सिलिंडर ओळखीत असत. नव्या कॉमन रेल इंजिनांत हें मुळींच करूं नये : तेथें डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असतो, आणि बारीक फवारा कातडी भेदून हातांत शिरतो. अशी जखम लहान दिसली तरी हात गमावण्याची वेळ येते.

सर्वांत भयंकर आवाज म्हणजे इंजिनाच्या तळांतून येणारा जड, खोल ‘ठक् ठक्’, जो रेस व ताण यांबरोबर वाढतो. तो आला कीं गाडी जागींच थांबवून इंजिन बंद करावें आणि कांहीं वेळानें तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल कमी असेल तर कोठें गेलें याचा शोध करावा. तेल घालून तसेंच पुढें रेटूं नये. कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग गेलें असतांना आणखी दोन कोस चालविलेली गाडी बेअरिंगाऐवजीं क्रँकशाफ्टचा, प्रसंगीं सबंध इंजिनाचा खर्च घालते.

क्लचपासून चाकापर्यंत

रेस दिली असतां इंजिन मोठ्यानें ओरडतें पण गाडीचा वेग वाढत नाहीं, व जळका वास येतो, तर क्लच घसरत आहे. पुष्कळ जण यास इंजिनाचा आवाज समजतात. खरें पाहतां इंजिन निर्दोष असतें; त्याचा जोर पुढें पोहोंचत नाहीं एवढेंच.

मागील चाकांवर चालणाऱ्या पिकअप व जीपमध्यें शाफ्टचे सांधे हा मर्मभाग होय. निघतांना ‘खट्’, पाय सोडतां-दाबतांना पुन्हा ‘खट्’, आणि पुढें वेगाबरोबर वाढणारी थरथर, हीं क्रॉस झिजल्याचीं लक्षणें. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलें बेअरिंग गेल्यावर घुमल्यासारखा आवाज होतो. परीक्षा सोपी आहे : इंजिन बंद, गाडी सपाटीवर, चाकांस पुढें-मागें दगड, गिअर न्यूट्रलमध्यें. मग खालीं जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनीं धरून उलट-सुलट पिळावा व वरखालीं हालवावा. सांध्यांत खेळ लागला किंवा वाटीजवळ तांबडी भुकटी दिसली, तर क्रॉस त्याच दिवशीं बदलावा. क्रॉस ही स्वस्त वस्तु आहे. तिच्या अभावीं जें घडतें तें स्वस्त नाहीं. ज्या क्रॉसला ग्रीसची निपल असते त्यास गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या अंतरानें, आणि पाण्याचिखलांतून गाडी नेल्यावर लवकर, ग्रीस भरावें. प्रमाणाबाहेर माल भरला म्हणजे पाटे बसतात, शाफ्टचा कोन बदलतो व ताणही वाढतो. त्याची किंमत प्रथम हाच सांधा देतो.

पाय दाबला असतां मागून ‘घूं’ असा आवाज व सोडला असतां तो वेगळा किंवा बंद, तर कुंडांतील क्राउन-पिनियन पाहावें. प्रथम तेथील तेलाची पातळी तपासावी. घरघर वेगाबरोबर वाढते पण पाय दाबण्या-सोडण्यानें बदलत नाहीं, आणि वळणावर एका बाजूस अधिक होते, तर चाकाचें बेअरिंग. रस्ता डांबरी कीं सिमेंटचा यावर आवाज बदलत असेल तर तो टायरांचा. चाकाबरोबर ‘टक् टक्’ होत असेल तर आधीं टायरांच्या खांचांत अडकलेला खडा काढावा व चाकाचे नट आंवळलेले आहेत कीं नाहींत तें पाहावें. पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारींत वळतांना रेस दिली कीं ‘कट् कट्’ वाजूं लागतें. तेथें पुढील ॲक्सलच्या सांध्यावरील रबरी टोपी फाटून ग्रीस गेलेलें असतें. टोपी वेळीं बदलली तर सांधा वांचतो.

टिपणवही ठेवावी

साक्षीदार जें बोलला तें त्याच दिवशीं लिहून ठेविलें नाहीं, तर पुढें त्याचा उपयोग होत नाहीं, हें कचेरींत आम्ही रोज पाहत होतों. गाडीबाबतही तेंच. आमच्या गाडींत आतां एक लहान वही असते. आवाज आला कीं इतकें लिहावें : तारीख, मीटरवरील किलोमीटर, गाडी रिकामी कीं भरलेली, चढ, उतार कीं सपाटी, इंजिन थंड कीं गरम, गिअर व वेग, पाय दाबलेला कीं सोडलेला, सरळ कीं वळणावर, आणि तीन परीक्षांचे निकाल. नमुन्यादाखल, आमच्या मागील दोषाची नोंद अशी झाली असती : “भरलेली गाडी. चढ. इंजिन गरम. दुसरा गिअर. पाय दाबतांच घूमघूम, सोडतां कमी. निघतांना खट्. उभ्या गाडींत नाहीं. न्यूट्रलमध्यें अगदीं थोडा.” ही नोंद वाचणारा कोणताही जाणता मिस्त्री सायलेन्सराकडे वळलाच नसता. मोबाइल फोनवर आवाज भरून ठेवितां येतो, तोही शेजारीं बसलेल्या माणसानें भरावा; चालविणाऱ्यानें नव्हे. मिस्त्र्यास ‘आवाज येतो, काढून द्या’ असें न सांगतां ही नोंद दाखवावी, व त्यास शेजारीं बसवून, शक्य तर माल भरलेला असतां, आवाज ऐकवावा. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा; तो खरोखर झिजला होता कीं नाहीं हें त्यावरून दिसतें.

तीन प्रसंगीं मात्र वहीही बाजूस ठेवून गाडी तत्काळ थांबवावी : तळांतून जड ठोका आला किंवा तेलाचा लाल दिवा लागला तर, शाफ्टकडून धडाका, मोठी थरथर किंवा लोखंड घासल्याचा आवाज आला तर, आणि चाकापाशीं खडखड होऊन गाडी एका बाजूस ओढूं लागली तर. चढावर थांबल्यास गिअरवर विसंबूं नये. हातब्रेक ओढून चाकास दगड लावल्याशिवाय पायाचा ब्रेक सोडूं नये. त्या पहाटेपासून आमच्या गाडींत दोन लांकडी ठोकळे कायम असतात. ज्यांच्या गाडींत नसतील त्यांनीं हा अंक खालीं ठेवतांच ते करून घ्यावे, त्यास सुताराची एक घटका पुरते.

रेस देतांना होणारा प्रत्येक आवाज भयंकर असतो असें नाहीं. पुष्कळसे एक पट्टी आंवळून किंवा एक खडा काढून जातात. पण कोणता क्षुल्लक व कोणता प्राणघातक हें आवाजाच्या लहान-मोठेपणावरून ठरत नाहीं. आमच्या सायलेन्सरचा आवाज क्रॉसच्या ‘खट्’पेक्षां पुष्कळ मोठा होता. मोठ्या आवाजाची आम्हीं दुरुस्ती केली, आणि लहान आवाज आमच्या घरच्या मुलाचा जीव घेऊं पाहत होता. बैलाची चाल ओळखणाऱ्या आपल्या शेतकरी बंधूंस गाडीची चाल ओळखणें अवघड नाहीं. तिला चालवून, मोकळी सोडून व ताण देऊन पाहावें. ती काय म्हणते तें लिहून ठेवावें. आणि मग पान्हा हातीं घ्यावा.